आग लावणाऱ्याचं नाव

वनखात्यात माझ्या वडिलांना सगळे 'विझवे' म्हणायचे. एकतीस वर्षं ते वनरक्षक होते आणि त्यांच्या डोंगरावर एकही आग तासाभराहून जास्त जगली नाही. धुराची रेघ दिसली की हातातला घास टाकून ते पळायचे. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात अर्ध्या डोंगराचा चार दिवसांत कोळसा झाला. त्याचं खापर ते आमच्या कचेरीवर फोडत, म्हणजे माझ्यावरच, कारण तिथली अधिकारी मी.

जळून पडलेल्या एका जुन्या झाडाची चकती मी कापून आणली होती. झाड दर वर्षी एक वलय वाढतं, आणि आगीतून वाचलं तर त्या वर्षाच्या वलयाशी काळा डाग राहतो. मी डागाडागाला टाचणी लावत गेले. शंभराहून अधिक वर्षं, दर तीन-चार वर्षांनी एक डाग. लहानसा, झाडाने सहज भरून काढलेला. मग बाबांची स्वच्छ वर्षं. आणि मग जळालेली साल.

आकाशातली वीज काही इतकं वेळापत्रक सांभाळत नाही. ती माणसांची कामं होती, थंडी सरता सरता वाळकं गवत जाळणाऱ्यांची. त्यातली शेवटची माझी आजी, बाबांची आई. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाबांनी तिला काडेपेटीसकट पकडलं आणि स्वतःच्या हाताने तिच्याविरुद्ध तक्रार लिहिली. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी बोलत नसे.

चकती मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. बाबा चष्मा लावून एकेका टाचणीवर बोट टेकवत राहिले.

"म्हणजे एकतीस वर्षं मी सरपण साठवलं, असंच ना?"

"तुम्हाला जे सांगितलं तेच तुम्ही केलंत, बाबा."

"माझी समजूत काढू नकोस."

ते खोलीत गेले आणि दोन दिवस जेवायलाही टेबलावर आले नाहीत. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. उरलेला अर्धा डोंगर वाचवायचा तर उन्हाळ्याआधी तिथला पाचोळा जाळायलाच हवा होता. परवानगी आठ दिवसांची, पायथ्याला वस्ती, आणि कचेरीत विझवण्यात सगळे तरबेज, पण लावायला एकालाही येत नाही. मीही कागदावरचीच शहाणी.

तिसऱ्या दिवशी मी टेबलावर नकाशा पसरून बसले होते. बाबा पाणी प्यायला आले आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघेपाशी थांबले.

"खालून लावणार?"

"टँकर खालच्या रस्त्यावरच उभा राहतो."

"टँकर राहील उभा. डोंगर राहणार नाही." त्यांनी पेला ठेवला. "आग चढायला लागली की घोड्यासारखी पळते. आई माथ्यावरून लावायची. दव अर्धं उडालं की. म्हणजे आग खाली उतरते, हळूहळू, मागे सरकत."

"तुम्ही पाहिलं होतं?"

"लहानपणी दर वेळी. काडेपेटी माझ्याच खिशात असायची."

मी रेघ खोडून माथ्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आमच्या पुढे चढत होते, धापा टाकत, आणि कोणाचा हात धरायला तयार नव्हते. माथ्यावर त्यांनी मूठभर पाचोळा उचलून चुरगळला, "थांबा" म्हणाले, आणि चांगला पाऊण तास आम्हाला थांबवलं. मग वाकून काडी लावली. आग गुडघ्याएवढी उठली आणि खरोखरच मागे सरकत उतरू लागली. मोठ्या झाडांच्या बुंध्यांना चाटून ती पुढे जात होती. दुपारपर्यंत ती जाळरेषेशी, म्हणजे आम्ही आधीच साफ केलेल्या पट्ट्याशी, येऊन आपोआप विझली. टँकरचं झाकणही उघडावं लागलं नाही.

दगडावर बसून मी खात्याचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो : आग लावणाऱ्याचं नाव. तक्रारीच्या फॉर्मातही हाच रकाना असतो. मी बाबांचं नाव लिहायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"आईचं लिही. मागच्या खेपेला ते मी लिहिलं होतं."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि धुराचं निमित्त त्यांनी सांगितलं नाही. रकाना लहान होता. मी दोघांची नावं लिहिली, आधी आजीचं.