न विचारता दिलेला शब्द

राजीनाम्याचं पत्र धियाबने दुपारीच लिहून ठेवलं होतं. चारच ओळी. राज्यघटनेत दुरुस्ती झाली होती. ज्याच्याकडे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व, त्याला यापुढे अम्मानच्या संसदेत बसता येणार नाही. एक ठेवा, एक सोडा. धियाबकडे कॅनडाचं नागरिकत्व होतं, सतरा वर्षं बर्फात पाइपलाइनी टाकून मिळवलेलं. आणि त्याची एकुलती एक लेक लमीस तिकडेच होती. सातवा महिना, डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून बजावलेलं. नवरा महिना महिना तेलविहिरीवर. आई मातीत निजलेली. बाळंतपणाला बापच जाणार होता. यात निवडायचं ते काय? खुर्चीचा तर त्याला कधीचाच शीण आला होता.

ऊन मृत समुद्राकडे उतरलं तशी कुळातली वडीलधारी मंडळी आली. पुढे थोरला चुलता हाजी मिफ्लेह, काठी टेकत. मागे चुलतभाऊ सत्ताम आणि आणखी सहा-सात जण. सगळे गाद्यांवर टेकले. धियाबने स्वतः वेलदोड्याची कडू कॉफी ओतली, पहिला पेला हाजींना दिला. हाजींनी तो न चाखता गालिच्यावर ठेवला.

मागणं घेऊन आलेला पाहुणा असंच करतो. मग यजमानाने म्हणायचं, प्या, ज्यासाठी आलात ते तुमचं. काय हवंय हे आधी विचारलं, तर घराची इज्जत गेली. निवडून आल्यापासून हे वाक्य धियाबच्या तोंडून किती वेळा गेलं होतं! कुणाची बदली, कुणाच्या विहिरीला वीज, कुणाच्या सोयरिकीत मध्यस्थी. आज त्याची कंबर ठणकत होती, मन लेकीच्या उशाशी होतं.

“प्या, हाजी,” तो म्हणाला. “ज्यासाठी आलात ते तुमचं.”

हाजी प्यायले. मग सगळे प्यायले.

“तो तिकडचा कागद सोड, अबू लमीस,” लेकीच्या नावाने त्याला ‘लमीसचा बाप’ अशी हाक मारत हाजी म्हणाले. “खुर्ची सोडू नकोस.”

धियाबच्या हातातली किटली तशीच राहिली. “मला वाटलं, सत्तामच्या मेव्हण्याची नोकरी...”

“ते आहेच,” सत्ताम म्हणाला, “पण त्यासाठी उद्या येतो.”

दोघं-तिघं हसले. हाजी हसले नाहीत. “चाळीस वर्षांनी आपलं माणूस तिथे बसलं. तू उठलास की पुन्हा आपल्याला कोण विचारतो?”

“लमीसचं बाळंतपण आहे, हाजी.”

“मग व्हिसा काढून जा. जग जातं.”

“जातं जग!” सत्ताम म्हणाला. “आणि त्या बर्फाचा एवढा कसला लळा रे? आमच्या फ्रीजरमधून पाटीभर आणून देतो.”

व्हिसा. लग्नानंतर बायको पुढे गेली होती आणि धियाब अकरा महिने व्हिसाची वाट बघत इथे बसला होता. लमीसला त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बसायला लागली होती. बापाला बघून तिने परका माणूस घरात शिरल्यासारखं भोकाड पसरलं होतं.

“शब्द मागे घेता येतो का, हाजी?”

“येतो की.” म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, थकवाच होता. “मग आम्ही उठतो. आणि या उंबऱ्याला पुन्हा येत नाही, तुझ्या मयतालासुद्धा नाही.”

धियाबने मान खाली घातली. तेवढ्यानेच सगळ्यांना कळलं.

“काय मागतात ते विचारायचं तरी, बाबा!” फोनवर लमीस म्हणाली.

“विचारत नाहीत, बाळा.”

“एका कॉफीवर?”

“प्यायले ना ते.”

“घटनेने निवड तुमच्या हातात ठेवली होती,” ती म्हणाली. “तुम्ही ती हाजी आजोबांच्या हातात दिलीत.” मग, हळूच, “जेवलात का?”

अम्मानमधल्या कॅनडाच्या वकिलातीत एका तरुण बाईने त्याला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. हे स्वखुशीने करताय ना? कुणाचा दबाव?

“नाही. मीच बोललो.”

“पुन्हा यायचं झालं तर इतरांसारखा व्हिसा लागेल.”

“किती दिवस लागतात?”

“सांगता येत नाही.”

त्याने सही केली. सतरा हिवाळे, बायकोची कबर, लेकीचं घर, सगळं त्या एका सहीने दुसऱ्या देशात गेलं.

नागरिकत्व सुटल्याच्या मंजुरीचा कागद आला, त्याच आठवड्यात धियाब व्हिसाच्या रांगेत उभा राहिला. खासदार असल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही. पहाटेची थंडी अजून भिंतींना चिकटून होती. खिशातला फोन थरथरला. जावयाचा होता. पाव तासापूर्वी मुलगी झाली. दोघी सुखरूप. मागून एक बारीक, कोवळं रडणं ऐकू आलं आणि फोन तुटला.

धियाब भिंतीला टेकला. पुढच्या तरुणाने वळून पाहिलं. “बरं आहे ना, काका? कुणाकडे निघालात?”

“नातीकडे.”

“केवढी आहे?”

धियाबने घड्याळात पाहिलं. “वीस मिनिटांची.”

तरुण बाजूला सरकून म्हणाला, “या, माझ्या पुढे या.”

धियाब एक माणूस पुढे सरकला.