पुढच्यानं बोलायचं

पहिली कानफटात मीच मारली, हे आधीच कबूल करतो. नंतर लोक म्हणाले, दोघांचंही चुकलं. लोकांचं काय जातंय म्हणायला!

त्या सकाळी आम्ही चौघं टेबलाशी चहा घेत होतो. आई, मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावाला सगळे बारक्या म्हणतात, अंगानं माझ्या दीडपट असला तरी. आम्ही दोघं काच बसवणारे. दुकानांच्या दर्शनी काचा, जिन्याचे कठडे, मोठे आरसे. वडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. याला काच कापायला मी शिकवलं आणि दाढी करायलाही मीच शिकवलं. याच्यापायी माझं लग्न राहिलं, असं मी दर दोन दिवसांनी ऐकवायचो. आणि आता दूरच्या एका शहरातल्या ठेकेदारानं त्याला बोलावलं होतं. वीस मजली इमारतीचं काचकाम, हाताखाली सहा माणसं, राहायला खोली. सोमवारी हजर व्हायचं.

हे मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. टेबलावर काचेच्या खोक्याचा एक पुठ्ठा पडला होता आणि त्यावर भावजयीच्या अक्षरात वर ठेकेदाराचं बोलावणं आणि खाली दोन रकाने होते. तोट्यांच्या बाजूला: खोली लहान, ओळखीचं कुणी नाही, आईचे गुडघे. फायद्यांच्या बाजूला: पगार, मोठं काम, स्वतःचं नाव. आणि अगदी तळाला बारीक अक्षरात: दादाच्या हाताखालून सुटका.

"हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं मी," भावजय म्हणाली. तिनं कप खाली ठेवला. "सांगितलं यांनी."

माझं टाळकंच सटकलं. टेबलावरून हात घालून मी त्याच्या कानाखाली अशी काही वाजवली की त्याचा कप भिंतीवर जाऊन फुटला. चौतीस वर्षांत त्यानं मला कधी उलट हात लावला नव्हता. त्या सकाळी लावला. त्याची मूठ माझ्या ओठावर बसली, मी खुर्चीसकट मागं पडलो, आणि तो माझ्या छातीवर येऊन बसला. "सुटका! सुटका! वाच परत!" असं ओरडत त्यानं माझं डोकं दोनदा फरशीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावलो. भावजयीनं पाण्याचा अख्खा जग आमच्या दोघांवर ओतला, तेव्हा कुठं आम्ही सुटे झालो.

"मारा, मारा एकमेकांना," आई जागची हलली नव्हती. "दोघंही खपलात की मी एकटी निवांत राहीन."

मी दात चाचपला. एक हलत होता.

त्यानंतर चार दिवस आमचा अबोला. मी ठरवलं, आपण बोलायचं नाही. बोलायचं तर त्यानं. 'दादा, चुकलं' एवढं म्हणाला असता, तर देवाशप्पथ, मीच त्याची बॅग भरून दिली असती. आता असं वाटतं, तेव्हा मात्र काय केलं असतं कुणास ठाऊक.

आम्ही ज्या शेठकडे काम करतो त्याच्या कारखान्यात शुक्रवारी मलाच राहवलं नाही. तो कडा घासायच्या यंत्रावर वाकला होता. मागून जाऊन त्याची कॉलर धरली आणि म्हटलं, "तिथं मेलास तर चार दिवस दार कुणी उघडायचं नाही. काच पकडायला दुसऱ्या टोकाला कोण आहे तिथं तुझं?"

"कुणीही चालेल," तो म्हणाला. "तू सोडून कुणीही."

मी त्याचं तोंड यंत्राकडे दाबलं. चाक फिरत होतं. त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर पाण्याचे तुषार उडत होते आणि मी दाबतच होतो. शेठनं मागून माझ्या कमरेला मिठी मारून मला ओढलं आणि दोन इरसाल शिव्या घातल्या. बारक्यानं गाल पुसला आणि काम चालू केलं. शेठनं विचारलं, "उद्याचा आरसा नेणार का एकमेकांचे गळे धरणार?" आम्ही दोघांनीही मान डोलावली. कशाला डोलावली ते त्यानं विचारलं नाही.

शनिवारचा आरसा व्यायामशाळेचा होता. दुसरा मजला, पुरुषभर उंच, अडीच माणसं लांब. असा आरसा उभा धरून न्यायचा असतो, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. मागच्याचा गाल आरशाच्या पाठीला चिकटलेला, त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. म्हणून पुढच्यानं बोलायचं. वळण, चौकट, पायरी. मागच्यानं विचारायचं नाही, ऐकायचं. आणि काच सुटलीच तर दोघांनीही हात काढून मागं उडी मारायची, धरायला जायचं नाही. हे दोन नियम मीच त्याच्याकडून तो पंधरा वर्षांचा असताना घोकून घेतले होते.

पुढं मी होतो. जिना मी बोलत चढलो. "पायरी. पायरी. वळण." कारखान्यातल्या झटापटीनंतर माझं त्याच्याशी तेवढंच बोलणं. वर लांब बोळ होता आणि बोळाच्या शेवटी व्यायामशाळेत उतरायला एकच पायरी. सकाळी मी एकटाच वाटेची मापं घ्यायला आलो तेव्हा ती बघितली होती. अशी पायरी उतरताना पुढच्यानं हात वर घेऊन आरसा एका पातळीत ठेवायचा आणि ओरडायचं. हात मी सवयीनं वर घेतले.

ओरडलो नाही.

विसरलो नव्हतो. शब्द जिभेवर होता. म्हटलं, अडखळू दे एकदा. घाबरू दे. विचारू दे त्याला, 'दादा, पायरी आहे का?' आधी त्यानं तोंड उघडू दे.

त्याचा पाय हवेत पडला. आरसा जोरात माझ्या अंगावर आला. मी हात काढले आणि मागं सरलो, पण मागं लोखंडी बाक होता, मी त्याच्यावर उताणा पडलो. वर बघतो तर अख्खा आरसा माझ्या मानेवर झुकलेला. त्यानं हात काढायचे होते. त्यानं काढले नाहीत. गुडघ्यावर पडलेला, तरी दोन्ही हातांनी कड आवळून त्यानं आरसा मागं खेचला, माझ्यावरून, स्वतःकडे. आरसा मधोमध फुटला. वरचा तुकडा सुरीसारखा खाली आला आणि त्याच्या उजव्या हातात कोपराखाली घुसला.

तो किंचाळला नाही. "दादा, सरक," एवढंच म्हणाला. रक्त उसळ्या मारत होतं, माझ्या तोंडात गेलं, डोळ्यांत गेलं. मी पट्टा काढून त्याच्या दंडाला आवळला आणि त्याला पाठुंगळी घेऊन जिना उतरलो. खाली येईपर्यंत माझ्या बुटांत रक्त साचलं होतं.

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण शिरा आणि बोटं हलवणाऱ्या दोऱ्या तुटल्यात. तीन बोटं मिटणार नाहीत. काच धरायचं विसरा.

शेठ म्हणाला अपघात. आई म्हणाली नशीब. भावजय रक्तानं माखलेल्या माझ्या शर्टाकडे बघून रडली. मी खाली मान घालून बसलो होतो.

रविवारी दुपारी दवाखान्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यानं डाव्या हातानं ठेकेदाराला फोन लावला. "मी येत नाही. माझा भाऊ येतोय. काम मी त्याच्याकडूनच शिकलो." फोन ठेवला.

"खुळा झालास का? मी कुठं जाऊ तुला टाकून?"

"काल सकाळी तू मापं घेतलीस," तो हळूच म्हणाला. "पायरी तुला माहीत होती."

मी त्याच्या पलंगाजवळ गेलो. काय सांगणार होतो, मलाच ठाऊक नाही. त्यानं डावी मूठ माझ्या तोंडावर हाणली. सुई उपटली, सलाईनची बाटली खाली आली. परत हाणली. मी हात वर केले नाहीत. हलणारा दात पडला तरी तो मारत राहिला आणि मारता मारता ढसाढसा रडायला लागला.

"जा," तो म्हणाला. "पगार घरी पाठव आणि तू येऊ नकोस. हिला सांगितलं नाही, आईलाही नाही. तू गेलास तर कधीच सांगणार नाही. राहिलास तर एक दिवस तुला जिवे मारीन, दादा. खरंच मारीन."

सोमवारी पहाटे भावजय स्टँडवर आली. माझा सुजलेला चेहरा बघून तिला वाटलं, मी जिन्यात पडलो. मी तसंच वाटू दिलं. तिनं माझ्या हातात डबा दिला, पाण्याची बाटली दिली, बॅगेची चेन नीट लावली.

"दादा, मी तुम्हाला काय काय बोलले," ती म्हणाली. "त्या पुठ्ठ्यावर मी काय लिहिलं होतं! आणि तुम्ही या वयात घर सोडून आमच्यासाठी निघालात. असा भाऊ कुणाला मिळत नाही."

गाडी सुरू झाली. ती खिडकीच्या बाजूनं धावत आली आणि मी दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिली.