भूत यायच्या आधी

कापूरहोळच्या मुक्कामात भुताच्या सिनेमाचं पहिलं रीळ जळालं. कुंडलिकचा तंबू सिनेमा भोरकडची गावं करून वेल्ह्याच्या वाटेला लागला होता. बाकीची रिळं शाबूत होती, त्यामुळे त्यानं फारसं मनाला लावून घेतलं नाही. "पहिल्या रिळात होतं काय? रिकामं घर आणि हलणारं दार. भूत तर दुसऱ्यात येतं," तो म्हणाला.

विंझरला खेळ लावला. अंधार झाला आणि पडद्यावर एकदम भूतच उभं राहिलं. पुढ्यात बसलेला म्हादू नावाचा दांडगा गडी ओरडला, "आरं, ह्येच्या तोंडाला तर तांदळाचं पीठ फासलंय!" सगळा तंबू खदखदून हसला. भूत जितके दात दाखवी, तितकी माणसं जास्तच हसत.

पडद्यावरची माणसं तेव्हा अजून बोलायला लागली नव्हती. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायचं काम कुंडलिकची बायको फुलाबाई करी आणि म्हातारे चिमाजी पेटी वाजवीत. त्या दिवशी फुलाबाईला स्वतःलाच हसू आवरेना.

"तुला हसायला काय झालं?" कुंडलिक चिडला. "वेल्ह्याला दुसरा सिनेमा लावू."

"अवो, भूत बिचारं काय करंल? वळख ना पाळख, यकदम दारात येऊन हुबं. पावण्याचासुदिक आदी निरोप येतो. वेल्ह्याला सुरवात म्या करते."

"रिळाशिवाय?"

"व्हय, रिळाशिवाय."

वेल्ह्याच्या बाजारात दिवेलागणीला तंबू भरला. आणखी एकदा हसून घ्यावं म्हणून म्हादू दोस्तांना घेऊन आला होता. पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला. चित्र नाहीच.

"हितं यक घर हाय," शेजारणीची खबर सांगावी तशी फुलाबाई म्हणाली. "दार लोटल्यालं. चूल पेटल्याली. तव्यावर भाकरी. सासूनं भायेरनं सुनंला हाक मारली. आतनं 'ओ' आली. सासू आत गेली, तर आत कुनीच न्हाई."

"मंग ओ कुनी दिली?" म्हादूनं विचारलं. चार जण हसले.

इतका वेळ चिमाजींनी पेटीचा एकच खालचा सूर धरून ठेवला होता. तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता. आता त्यांनी बोट उचललं, तेव्हा मात्र काहीतरी थांबलं हे सगळ्यांना कळलं. तंबूच्या दोऱ्या तेवढ्या करकरत होत्या.

मग वास आला.

"आगं बया," बाजाराला आलेल्या सगुणाबाई मागनं कुजबुजल्या, "कुनाची भाकरी करपली?"

फुलाबाईनं पडद्यामागं तीन दगड मांडून खरोखरीचा तवा ठेवला होता, आणि हे फक्त चिमाजींना ठाऊक होतं. यंत्रापाशी उभा असलेला कुंडलिकसुद्धा नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागला.

"करपंलच," फुलाबाई हळूच म्हणाली. "उलटनारं कोन हाय? आपापल्या शेजारी कोन बसलंय, तेवढं बगून घ्या."

माना वळल्या. तेवढ्यात पांढरा उजेडही गेला. फुलाबाई थांबली. पोरं आयांच्या पदरात शिरली, तरी ती थांबलीच. मग तिनं टाळी वाजवली आणि कुंडलिकनं दुसरं रीळ सुरू केलं.

तेच पिठाचं भूत.

पहिली किंकाळी म्हादूची. त्यानं उडी मारून मधल्या खांबाला मिठी घातली. खांब कलला, दोऱ्या सुटल्या आणि आख्खा तंबू माणसांच्या डोक्यावर आला. कुंडलिकनं चपळाईनं यंत्राचा दिवा विझवला, फुलाबाईनं तव्याखालच्या विस्तवावर पाणी ओतलं. कापडाखाली आरडाओरडा, शिव्या, देवांची नावं, आणि मग हळूहळू हसू. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हादूला मात्र खांबापासून सोडवायला दोन माणसं लागली.

माणसं घरोघर गेली, पण म्हादू रेंगाळला. विंझरची वाट अंधाराची होती.

"वयनी," तो घसा साफ करत म्हणाला, "तंबू असा उघड्यावर पडलाय. राखाया कुनीतरी पायजे न्हवं?"

"पायजे की भावजी," फुलाबाईनं तोंड अगदी गंभीर ठेवून त्याला घोंगडी दिली.

सकाळी त्यानंच खांब रोवला, दोऱ्या ताणल्या. संध्याकाळी दाराशी उभा राहून तो येईल त्याला कळवळून सांगत होता, "आत जाऊ नगा. माजं आयका, लई वंगाळ हाय." ते ऐकून बाजारातली माणसं आणखीच लोटली. बघता बघता आत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"भावजी, तुमी बी या की," फुलाबाईनं हाक मारली.

"न्हाई वयनी," म्हादू म्हणाला, "दाराशी बी कुनीतरी पायजे."