पाणी लागलेला खलबत्ता

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. नागपुरात प्रेमानंद आणि सिंधूताई या जोडप्याच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. सिंधूताईंना जाऊन दीड वर्ष झालं. तरी दुपारी घर निजलं की माझ्या काठावर त्यांच्या बांगड्या किणकिणतात. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कुठे भास होतात? होतात, मला विचारा.

इतवारीच्या भांडेबाजारातून त्यांनीच मला पारखून आणलं. प्रेमानंद तेव्हा शहराबाहेर वाडीला गोदामात कामाला होते. तिथल्या एका आंध्रातल्या ट्रक ड्रायव्हरकडून ते एक प्रकार शिकून आले. रविवारी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायचं. त्यात मसाला, आलू, भुट्ट्याचे तुकडे, मग खेकडे आणि शेवटी झिंगे. पाणी काढून सगळं जमिनीवरच्या वर्तमानपत्रावर ओतायचं आणि भोवती बसून हातांनी फस्त करायचं. मसाला मात्र सिंधूताईंचा. धणे, मिरे, मोहरी, तेजपान, भिवापुरी मिरची, सगळं भाजून माझ्यात कुटलेलं. शेजारीण दारातूनच विचारायची, "काय करून राहिली वं सिंधू?" माझी छाती फुगायची.

एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मला त्या कधी पाणी लावत नसत. कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि तळाशी जुन्या मसाल्याची चिमूट राहू द्यायच्या. नवा मसाला तिच्यावर पडायचा. वीस वर्षांचे रविवार माझ्यात मुरले होते.

मग त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या विधीला, पाहुणे येणार म्हणून प्रेमानंदांनी सारं घर धुऊन काढलं. जन्मात पेला न विसळलेल्या त्या माणसाने मला साबण लावून तारेच्या घासणीने लख्ख घासलं. लालसर पाणी मोरीत गेलं आणि घरभर सिंधूताईंच्या मसाल्याचा वास उठला. तेव्हा प्रेमानंदांना कळलं, आपण काय धुऊन टाकलं ते. हल्ली दुपारी ते मला उचलून नाकाशी धरतात. माझ्यात आता नुसतं लोखंड आहे.

लेक पायल बुटीबोरीला कारखान्यात नोकरी करते. वडिलांचं जेवणावरून मन उडालं म्हणून महिन्यातून एकदा ती तोच बेत करते. वडील एक झिंगा चाखतात आणि हात धुतात. "माया हातालेच चव नाही," ती माझ्यापाशी पुटपुटते. मला भरून येतं.

परवाच्या रविवारीही त्यांनी हात मागे घेतला. पायल म्हणाली, "बाबा, पुढच्या बारीपासून नाही करत मी. आईसारखं जमत नाही मले."

प्रेमानंद खेकड्यांकडे बघत म्हणाले, "तुया हातात खोट नाही. खलबत्ता मी धुतला, साबणानं. तुयी आई त्याले पाणी लावत नव्हती. घासून झाल्यावर समजलं मले."

"मग सांगितलं काहून नाही? अन् जेवत काहून नव्हते?"

"कोणत्या तोंडानं जेवू?"

पायल रडली. मग डोळे पुसून तिने एक झिंगा सोलला आणि वडिलांच्या हातात ठेवला. त्यांनी खाल्ला. दुसरा स्वतः सोलला. चव सिंधूताईंची नव्हती, पायलची होती. तरी ते खात राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, एवढंच सांगायला मी बसलो होतो. पण वस्तू एखाद्या वेळी बिघडतेच. तुमच्या हातून बिघडली तर घरच्यांना लगेच सांगून टाका. इथे एक पोरगी दीड वर्ष आपल्याच हातांना नावं ठेवत राहिली, आणि मी सगळं पाहूनही गप्प होतो. मी लोखंडाचा आहे, माझा इलाज नव्हता. तुम्हाला तर तोंड आहे.