झेंडा वर गेला तेव्हा

आमचे मास्तर म्हंजे सरळ माणूस, आन् सरळ झाडच आधी तोडत्यात. औरंगाबादच्या उर्दू शाळेत त्यांनी उभी हयात घातली. राज्य निजामाचं, म्हणून रोज सकाळी पोरांकडून निजामाच्या सलामतीची दुआ म्हणवून घ्यायची. खुशीनं नव्हं, नोकरीच तशी. निजामाच्या शेवटच्या दिवसांतल्या धामधुमीत आमचं गंगापूरचं घर जळालं, तरी दुसऱ्या सकाळी यांनी दुआ म्हणवलीच.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. पहिल्या सव्वीस जानेवारीला शाळेत नवं राष्ट्रगीत मास्तरांनीच सुरू करायचं ठरलं. मी चुलीपुढं बसून त्यांच्याकडून घोटून घेतलं. अडखळले की भाकरी नाय. गाणं संपेस्तोवर कुणी जागचं हलायचं नाय, हेबी त्यांनीच मला शिकवलं.

त्या दिवशी झेंडा वर गेला, पोरं रांगेत उभी. मास्तरांनी तोंड उघडलं आन् निघाली जुनी दुआ. जळलं मेलं ते तोंड. पोरांनीबी सवयीनं सूर धरला, हिंदूंच्या आन् मुसलमानांच्या सगळ्याच, आन् पार शेवटापर्यंत नेली.

पाहुणे आप्पासाहेब निजामाच्या तुरुंगातून सुटून आलेले. ते नुसतं म्हणाले, "वैजनाथराव, मन अजून तिकडंच हाय व्हय?"

चौकशी लागली. यांच्या बाजूनं कुणी बोलंना. शाळेतले हमीद मास्तर तेवढे घरी आले. "भाभी, मैं गवाही देतूं."

मी हात जोडले. "भाऊजी, नका. तुमच्या शब्दानं हे आणखी बुडतील."

ते खाली बघत राहिले. "सच है. मेरी गवाही कौन देंगा?" चहा तसाच ठेवून उठले. असं बोलायची पाळी आली याची मला लई लाज वाटली, पण दुसरं काय बोलणार व्हते मी?

नोकरी गेली. धड ना इकडचे ना तिकडचे, असं झालं मास्तरांचं.

त्या संध्याकाळी ते चुलीपुढं येऊन बसले. मग उठून ताठ उभे राहिले आन् कुणी न सांगता नवं गाणं म्हणाय लागले. कुठंच चुकले नाय. मीबी पिठाच्या हातानं उठले. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. डोळं भरून आलं, तव्यावरची भाकरी करपाय लागली, पण गाणं संपेस्तोवर मी जागची हलले नाय.