मालकाला कुणी मारलं?

ऊर्मिलाताईंच्या 'शब्दसखी वाचक मंडळा'त वर्षाचे महिने आधीच वाटून टाकलेले असत. श्रावणात संतसाहित्य, दिवाळीनंतर दिवाळी अंक, फेब्रुवारीत मातृभाषेचा उमाळा, मार्चमध्ये स्त्री. आणि एप्रिलमध्ये दीक्षा शिंगे. डिसेंबरात कुणी मिळालं नाही तर तेव्हाही दीक्षाच. एरवी तिनं ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्यात गालिच्याच्या कडेला बसायचं, ऐकायचं आणि साबुदाणा वडा छान झालाय म्हणायचं.

महिन्यातल्या एका शनिवारी मंडळ भरे. एकीनं आपण वाचलेलं पुस्तक बाकीच्यांना सांगायचं, मग चर्चा, मग फराळ, असा रिवाज. पुस्तक वाचलेलंच असावं अशी सक्ती नव्हती. रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण वाचलं तरी भागत असे, आणि तेवढीही सवड न मिळालेली बाई 'लेखकानं जीवनाचे विविध पैलू उलगडले आहेत' एवढ्या वाक्यावर पाऊण तास काढून दाखवी. शेवटी आभार मानायला कुंदाताई. कुंदाताईंनी आयुष्यात आभार मानण्याखेरीज आणखी काय केलं होतं, ते मंडळाला ठाऊक नव्हतं.

दीक्षा इथं आली ती फोनमुळे. टेलिफोन ऑफिसात ती तक्रारींच्या खिडकीवर बसे. ऊर्मिलाताईंचा फोन आठवडाभर बंद होता, म्हणून त्या तणतणत आल्या आणि खिडकीच्या आत उघडं पुस्तक पाहून थबकल्या.

"अय्या, तू वाचतेस?"

जणू दीक्षा सरकारी खुर्चीवर बसून पतंग उडवत होती. मग त्यांनी नाव विचारलं. नाव सांगितलं तर म्हणाल्या, "नाही, पूर्ण नाव?" हा प्रश्न कशासाठी असतो ते कोल्हापुरात लहान पोरालाही कळतं. आडनाव ऐकल्यावर ऊर्मिलाताईंचा चेहरा उजळला. मंडळात डॉक्टरीण होती, वकिलीण होती, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याची लिंगायत बायकोसुद्धा होती. एवढं एकच राहिलं होतं.

दीक्षाला ते त्याच क्षणी कळलं, तरी ती गेली. हावरटासारखी गेली, हे खरं. पुस्तकावर बोलायला माणूस नसलं की काय होतं, ते ज्याला वाचायचं वेड आहे त्यालाच समजेल. ऑफिसात लोक राशिभविष्य वाचत आणि त्यावरच भांडत. तिला माहीत असलेला खरा वाचणारा माणूस एकच, तिचा बाप.

दादासो शिंगे एसटीत कंडक्टर. कोल्हापूर–गडहिंग्लज गाडी. फेरी संपली की बाकांखाली वाकून बघायचं आणि सापडेल ते डेपोत जमा करायचं, असा नियम. डबे, चपला, छत्र्या, पुस्तकं. छत्रीसाठी माणसं दोन गाड्या बदलून परत येत, आणि नाही आली तर डेपोतल्याच कुणाच्या तरी डोक्यावर ती छत्री दिसे. पुस्तकासाठी मात्र कधी कुणी परत आलं नाही. शेवटी साहेब वैतागून म्हणत, "शिंगे, ही रद्दी उचला की इथनं." ती रद्दी सिद्धार्थनगरातल्या दोन खोल्यांत येई. काय येईल ते गाडी ठरवायची. कधी मधमाश्या पाळायचं पुस्तक, कधी अर्धं योगासनांचं, कधी कुणा वहिनींच्या हळव्या कादंबऱ्या. दीक्षानं सगळं वाचलं. निवड करायची असते हे तिला फार उशिरा समजलं, आणि समजल्यावर विशेष आनंद झाला नाही.

ती आठवीत असताना 'कंपनीवालं पुस्तक' आलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. एका फिरत्या नाटक कंपनीच्या मालकाचा खून होतो, त्याची गोष्ट. दादासोंनी ते तिकिटं विचारायच्या खड्या आवाजात घरात वाचून काढलं. शेजारची चिमणाबाई भाकरी करायची सोडून दारात येऊन बसली होती. त्या दिवसांत दीक्षा शाळेतून पळत घरी येई. वाचनाची गोडी लागली म्हणतात ती हीच असेल, तर तिला ती कायमची लागली.

हे सगळं मंडळात सांगावं, निदान कुणीतरी 'मग पुढं काय झालं' म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. पण पहिल्या एप्रिलला ऊर्मिलाताईंनी तिच्या हातात एक आत्मकथन ठेवलं. तिनं ते पूर्वीच एका बैठकीत वाचलेलं होतं आणि त्या रात्री जेवली नव्हती. ते सांगताना तिचा आवाज कापला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, मग पदर सारखे करून बटाटेवडे घेतले. "किती सोसलंय गं तुम्ही लोकांनी," असं एक जण चटणी वाढून घेत म्हणाली. दीक्षानं काही सोसलं नव्हतं असं नाही, पण त्या घटकेला ती मुख्यतः त्या बाईला सोसत होती. पुढल्या एप्रिलला दुसरं आत्मकथन. त्याच्या पुढल्या एप्रिलला तिसरं.

दोन हजार चार साली तिनं धीर केला. ऊर्मिलाताईंचा फोन आला, "दीक्षा, एप्रिल आला हं!" तशी ती म्हणाली, "ताई, यंदा मी रहस्यकथेवर बोलू?"



"म्हणजे खून वगैरे?"

"हो. एकच आहे."

"अगं पण एप्रिलमध्ये? जयंतीच्या महिन्यात? तुझं ते जे आतून येतं ना, तेच बोल. आमच्यासारख्यांना ते कुठून येणार!"

गेल्या जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी एक इंग्रजी खूनकथा सांगितली होती, तेव्हा सगळ्यांनी 'काय प्लॉट आहे!' म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना ते कुठल्या अवयवातून आलं हे कुणी विचारलं नव्हतं. दीक्षा "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून स्वतःवर चडफडली.

दादासो आता रिटायर होऊन घरीच असत. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"ती पुस्तकं आपलीच हायत. डोक्यावर घिऊन नाचू की. पर तेवढीच वाचायचा परवाना दिलाय व्हय तुला कुणी?"

"तसं न्हाय आबा. त्यांना वाईट वाटंल."

"वाटू दे की! कंपनीवालं सांग. आन् प्रॉम्प्टरनंच मारलाय म्हणून ठणकावून सांग."

"प्रॉम्प्टरनं न्हाय मारलेला," दीक्षा म्हणाली. त्या घरात हे भांडण चांगलं जुनं होतं.

त्या शनिवारी ऊर्मिलाताईंनी निळी साडी नेसून मोठ्यानं "जय भीम" केला. हा नमस्कारही त्यांच्याकडे एप्रिलपुरताच राखून ठेवलेला असे. दीक्षा उभी राहिली, पिशवीत आणलेलं आत्मकथन तिनं पिशवीतच ठेवलं आणि कंपनीवालं पुस्तक सांगायला सुरुवात केली.

छान सांगितलं तिनं. नाटक कंपनीचा मुक्काम, तिसऱ्या अंकाआधी रंगपटाचं दार आतून लावून दूध पिणारा मालक, तिकडं घंटा वाजली तरी न उघडणारं दार, ते फोडल्यावर पालथा पडलेला राजाच्या वेषातला माणूस, रडत येऊन पडलेला पेला उचलून विसळणारी त्याची बायको, दुधात विष. मालकानं भूमिका नाकारली म्हणून डूख धरून बसलेला प्रॉम्प्टर. मेजाखाली सापडलेली नायिकेची अंगठी. तिनं फौजदाराचा आवाज काढला, नायिकेचा काढला. आणि मग म्हणाली, "इथं पुस्तक संपतं. म्हणजे संपत नाही, पुढची पानंच नाहीत. कुणीतरी फाडली असतील, गळली असतील. खून कुणी केला हे आम्हाला आजवर कळलेलं नाही. माझे वडील म्हणतात प्रॉम्प्टरनं, मी म्हणते नायिकेनं. चौदा वर्षं आम्ही भांडतोय. तुम्हाला काय वाटतं?"

एवढंच तिला विचारायचं होतं. वाचणाऱ्या माणसानं वाचणाऱ्या माणसाला विचारावं तसं.

कुणाला काहीच वाटत नव्हतं. बायका करुण चेहरे करून बसल्या होत्या, कारण येताना त्या तसे करूनच आल्या होत्या. ऊर्मिलाताईंनी घड्याळ पाहिलं, कुंदाताईंना खूण केली आणि कुंदाताईंनी सकाळीच लिहून आणलेला कागद उघडला.

"दीक्षाताईंनी वंचितांच्या जगण्याची दाहक वेदना आज परखडपणे आपल्यापुढे मांडली. ऐकताना अंगावर शहारे आले, मन सुन्न झालं. हा हुंकार आपल्याला अंतर्मुख करून गेला."

टाळ्या झाल्या. एकीलाही काही खटकलं नाही. वाचता वाचता कुंदाताईंनी स्वतःचे डोळेही टिपले, म्हणजे कागदावर तसं होतं म्हणून असेल. मेलेल्या मालकाला कुठलं दाहक जगणं भोगावं लागलं, हे विचारायची सोय नव्हती, कारण तोवर आप्पे आले होते.

दीक्षाला रडू आलं, आणि रडू आलं याचा जास्त संताप आला. त्या घरात ते अश्रू एप्रिलच्या खात्यावरच जमा झाले असते. ती न खाता उठली. या बायकांना तिनं मनातल्या मनात इतकी नावं ठेवली होती, पण आपण त्यांच्यासमोर एखादं खरं पुस्तक ठेवलं तर निदान चमकून बघतील अशी आशाही तिनं मूर्खासारखी जपली होती. फाटकाशी येऊन तिनं रिक्षाला हात केला.

"ए बाई! थांब की जरा!"

मागून नीलम्मा येत होत्या, शाहूपुरीतल्या अडत्याची बायको, एका पायात चप्पल सरकवत. माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं. मंडळात त्या कधी बोलत नसत. पहिल्याच दिवशी 'मी बी पुस्तक वाचलो' असं त्या म्हणाल्या होत्या, बाईनं 'वाचलो' म्हणावं याचं ताराबाई पार्काला फार हसू आलं होतं, तेव्हापासून त्यांचं तोंड बंद. त्या फॅनखाली बसायला येतात, असं इतरांसारखंच दीक्षानंही ठरवून टाकलं होतं. आताही तिला वाटलं, या 'किती सोसलंय गं' म्हणणार.

"चूक हाय तुझं," नीलम्मा धापा टाकत म्हणाल्या.

"काय?"

"तुझं बी चूक, तुझ्या बापाचं बी चूक. बायकोनं मारलाय त्याला."

"कुणाच्या बायकोनं?"

"मालकाच्या! दुसरं कुणाच्या? तूच सांगितलीस न्हवं, दार फोडल्यावर ती रडत आली आन् पडलेला पेला उचलून, विसळून पालथा घातली म्हणून? नवरा मरून पडलाय, आन् ही बाई भांडं विसळती? मढं घरात असताना चूल सुदीक पेटवत न्हाईत आमच्यात. तुमच्यात काय भांडी घासत बसतात?"

"न्हाय हो," दीक्षा म्हणाली.

"मग! इख धुतली ती. तो फौजदार बैल हाय. त्याला कळलं न्हाय, तर तुला बी कळू नये?"

ते पेल्याचं एक वाक्य दीक्षानं ओघात सांगून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिला आणि आबांना त्यात काही दिसलं नव्हतं. ती भडकली.

"असं कसं? सवय असती बाईमाणसाला. धक्का बसला की हात आपोआप चालतात."

"काय आपोआप न्हाय चालत! माझा सासरा गेला तवा मी दोन दिवस पाण्याच्या तांब्याला हात लावलो न्हाय. डोकं चालीव की जरा!"

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.  या बंगल्यात तिच्या प्रत्येक वाक्यावर माना डोलल्या होत्या, उसासे पडले होते, टाळ्या पडल्या होत्या. तू चुकलीस, असं मात्र तिला कुणीही कधी म्हटलं नव्हतं. तेवढी तसदी घ्यावी इतकं तिला कुणी ऐकलंच नव्हतं.

तिनं रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि ती फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली. शेजारची धूळ पदरानं झटकून नीलम्माही बसल्या.

"बरं," दीक्षा म्हणाली, "बायकोनं मारलाय तर मारलाय. मग मेजाखाली नायिकेची अंगठी कशी आली, ते सांगा आता अक्का."