शिक्क्याआधीचा फोन

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे आणि गोष्ट कानाशी सांगण्यासारखी आहे. घटकाभर चित्त माझ्याकडे द्या. चाळीस राण्या, एक हट्टी बाई आणि एक राहून गेलेला फोन, यांची हकिगत सांगतो.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडाची आहे, आणि पुढची बाजू कळावी म्हणून तिच्यावर पितळेचा एक बारीक खिळा ठोकलेला आहे. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात शिक्केवाल्याने मला घडवले. अक्षरे उलटी कापली, फुंकर मारून भुगा उडवला आणि कागदावर दाबून पाहिले. सुबक अक्षरे उमटली : ‘जुना व मानाचा ग्राहक’. शिक्केवाला म्हणाला, “जा बाबा, कुणाचं तरी भलं कर.” तो आशीर्वाद डोक्यावर घेऊन मी निघालो.

माझी नेमणूक झाली विमानतळाच्या मालगोदामांसमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका कचेरीत. आमच्या कंपनीचा धंदा जामीन राहण्याचा. परदेशातून माल मागवणाऱ्याला सरकारपुढे कबूल करावे लागते, की मी सगळे नियम पाळीन आणि कर भरीन. पण नुसत्या कबुलीवर कस्टमवाले माल कसा सोडतील? तुमच्या वर्गात नाही का, एखाद्याला वही देताना कुणी कां-कूं करू लागला, की तुम्ही म्हणता, “दे रे, तो परत करील. नाही केली तर मी आहे ना!” ते ‘मी आहे ना’ म्हणायला आमची कंपनी कागदावर उभी राहायची. त्या कागदाला बॉण्ड म्हणतात. तो दर वर्षी नवा करावा लागतो.

पाच वर्षे जो आमच्याकडे टिकला, त्याच्या फाइलवर माझा मान. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला दर वर्षाची एक रेघ असे. तिच्यावर तारीख आणि तारखेशेजारी मी. मी उमटलो, की त्या ग्राहकाला रांग नाही, नवे अर्ज नाहीत, आणि वर्षाअखेरीला एक सुंदर कॅलेंडर.

मला हाताळायच्या मोठ्या बाई. कचेरीतल्या सर्वांत जुन्या. चष्म्याला दोरी आणि गुडघ्यांना कुरकुर. बॉण्ड संपायला महिना राहिला, की त्या एकेका जुन्या ग्राहकाला फोन लावायच्या आणि तीन प्रश्न विचारायच्या. नाव तेच आहे ना? माल तोच आहे ना? आणि घरी सगळे बरे आहेत ना? उत्तर ऐकता ऐकता समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहायच्या, आणि मगच मला उचलायच्या.

आमचे साहेब हसायचे. “बाई, आपण जामीन देतो की मुलीला स्थळ बघतो?”

“साहेब, ज्याच्यासाठी जामीन राहायचं, त्याच्या घरचं विचारू नये होय?” बाई म्हणायच्या. “नुसत्या कागदाला कोण जामीन राहतं? माणसालाच ना?”

साहेब मनाने वाईट नव्हते हो. पण रस्त्यापलीकडे दुसरी कंपनी उघडली, रंगीत दिव्यांच्या पाटीची. आमचे दोन ग्राहक तिकडे गेले आणि साहेबांची झोप उडाली. एके सकाळी त्यांनी बाईंना बोलावून नवा बेत सांगितला. जुन्या ग्राहकांना वेगळा फोन नंबर, त्यावर गोड आवाजातले ध्वनिमुद्रण. कॅलेंडर आता चकचकीत कागदाचे. आणि सर्वांत मोठी सवलत म्हणजे बॉण्ड आपोआप नवा! कसलीही विचारपूस नाही.

“लोकांना वेळ नसतो, बाई. जुन्या माणसाला त्रास द्यायचा नाही. शिक्का मारा आणि कागद टपालात टाका.”

खरे सांगतो मित्रांनो, मी त्या दिवशी फुगलो. आता बाईंच्या फोनची वाट पाहायची नाही, मी उमटलो की काम झाले! एका बैठकीत साठ फाइली. धप्प, धप्प, धप्प! शाईने माझे तोंड माखून गेले.

एका फाइलीवर मात्र बाईंचा हात थांबला. ती मधवाल्या काकांची फाइल होती. काका परदेशातून राणीमाश्या मागवत आणि गावोगावच्या मधपाळांना पुरवत.

“यांना एक फोन करू का, साहेब? कधीचा आवाज ऐकला नाही.”

“बाई, तुम्ही बाहेर पडताना कुलूप लावून तीन वेळा ओढून बघता ना, तशातली गत झाली ही. मारा शिक्का!”

बाईंनी मारला. समास कोरा राहिला. मी मात्र ठसठशीत उमटलो. देव सगळे पाहत असतो म्हणतात. त्याने माझी ती ऐट नक्की पाहिली असणार.

चार-साडेचार महिने गेले. एका सकाळी जिन्यावर भराभर पावले वाजली आणि दारात एक मुलगी उभी राहिली. वय पंचविशीचे, मनगटावर माश्यांच्या दंशाचे जुने डाग, हातात कागदांची पिशवी.

“मोठ्या बाई कोण?” तिने विचारले.

“मीच गं. ये, बस.”

“बसायला वेळ नाही. सकाळपासून फोन करतेय. तुमची ती बाई म्हणते, आपण आमचे मानाचे ग्राहक आहात, कृपया थांबा. वीस मिनिटं थांबले. माश्या थांबायच्या नाहीत.”

ती मधवाल्या काकांची मुलगी होती. चाळीस राण्या विमानाने आल्या होत्या. काड्यापेटीएवढ्या जाळीच्या घरट्यात एकेक राणी, सोबत आठ-दहा सेविका आणि खायला साखरेचा गोळा. तो गोळा पुरतो पाच दिवस. चार संपले होते. समोरच्या गोदामात माल अडकला होता, कारण परवाना मुलीच्या नावाचा आणि बॉण्ड काकांच्या नावाचा.

“मग काका का नाही आले?” बाईंनी विचारले.

मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. “बाबा जाऊन सात महिने झाले.”

बाईंनी समोरची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

“धंदा माझ्या नावावर केला,” ती सांगू लागली. “सगळीकडे कळवलं. इथं मुद्दाम कळवलं नाही. बाबा म्हणायचे, तिथल्या बाईंचा दर वर्षी फोन येतो, तेव्हा सगळं सांगायचं. मी फोनची वाट बघत राहिले. फोन आलाच नाही, टपालानं नवा बॉण्ड आला. बॉण्डचा नंबर जुनाच होता. मला वाटलं, यांना कळलं असेल, यांनी केलं असेल. मी नाव वाचलंच नाही. मग तुमचं कॅलेंडर आलं. बाबांच्या नावाचं. वर लिहिलेलं, ‘आपण सदैव आमच्या स्मरणात आहात.’ आईनं ते भिंतीकडे तोंड करून ठेवलंय.”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पुढचं बोलू या. उद्या दुपारनंतर राण्या जगणार नाहीत, असंच ना?”

“आज संध्याकाळपर्यंत सुटल्या, तरच पोचतील. बारा मधपाळांच्या पेट्या राणीविना आहेत. मी त्यांना शब्द दिलाय. बाबा गेल्यावरची ही माझी पहिलीच खेप.”

बाई फाइल घेऊन साहेबांच्या खोलीत शिरल्या. मी फाइलीत उमटलेला होतोच, म्हणून मीही गेलो.

साहेबांनी सगळे ऐकले. त्यांचा चेहरा उतरला. “फार वाईट झालं. पण बाई, कायद्यानं ही नवी ग्राहक आहे. तिची चौकशी करायला हवी, आठ दिवस तरी लागतील. अनोळखी माणसाला एका दिवसात जामीन कसं राहायचं?”

“अनोळखी?” बाईंनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. “समास वाचा.”

साहेब पेन्सिलीची बारीक अक्षरे मोठ्याने वाचू लागले. “‘मुलगी शिकता शिकता पेट्या सांभाळते.’ ‘वादळात पेट्या पडल्या, मुलीने रातोरात उभ्या केल्या.’ ‘काकांना दम लागतो. यंदा सगळे कागद मुलीने पाठवले, एकही चूक नाही.’ ‘काका म्हणाले, आता मी नुसता सहीपुरता.’” आणि मग आली शेवटची रेघ. तिथे समास रिकामा होता. तिथे फक्त मी होतो.

“अकरा वर्षांची चौकशी झालीये, साहेब,” बाई म्हणाल्या. “एकाच वर्षाची राहिली, आणि ती आपण सवलत म्हणून बंद केली.”

मित्रांनो, तोंडाला शाई लागलेली असूनही मला कधी तोंड लपवावेसे वाटले नव्हते. त्या क्षणी वाटले.

साहेबांनी फाइल मिटली. मग त्यांनी पेनाचे टोपण काढले. “टाइप करा. मुलीच्या नावाने.”

तिथून बाईंना थांबवणे कुणाच्या हातात नव्हते. मुलगी एकेक कागद पुढे करत होती, बाई टाइप करत होत्या. नावात चूक नको म्हणून मुलीकडून प्रत्येक अक्षर वदवून घेत होत्या. जुना बॉण्ड रद्द केल्याचे पत्र झाले. नवा बॉण्ड झाला. साहेबांच्या सह्या झाल्या. तीन वाजून गेले होते. बाईंनी खण ओढला, शिक्का पिशवीत टाकला आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी जिना उतरल्या.

कस्टमची खिडकी चारला बंद होते. आत बसलेले अधिकारी कपाळाला आठ्या घालून कागद वाचत होते. “सगळं आहे,” ते म्हणाले. “फक्त रद्द केल्याच्या पत्रावर कंपनीचा गोल शिक्का राहिलाय. आणलाय का?”

“आणलाय की!” बाईंनी पिशवीत हात घातला आणि बाहेर काढले कुणाला? मला!

एकाच खणात आम्ही दोघे राहायचो, मुठी सारख्याच. घाईत बाईंनी मलाच उचलले होते. अधिकाऱ्यांनी मला डोळ्यांजवळ नेऊन वाचले. “‘जुना व मानाचा ग्राहक’. बाई, अहो, सरकार तुमचा ग्राहक कधीपासून झालं?”

रांगेतले लोक हसले. बाई नाही हसल्या. घड्याळात साडेतीन झाले होते. “खिडकी लावू नका,” त्या म्हणाल्या. “मी आलेच.”

“काकू, तुम्ही बसा, मी पळते,” मुलगी म्हणाली.

“तू इथनं हलू नकोस. रांगेतली जागा गेली तर सगळंच गेलं. गुडघे माझेच आहेत, दुखू देत.”

बाई वळल्या, आणि दारात कोण दिसावे? साहेब! अंगात कोट नाही, केस विस्कटलेले, श्वास फुललेला. हातात गोल शिक्का. “खणात दिसला,” ते धापा टाकत म्हणाले. “म्हटलं, या बाई कुलूप तीनदा ओढतात, आणि आज शिक्काच विसरल्या!”

त्यांनी स्वतःच्या हाताने तो पत्रावर दाबला. अधिकाऱ्यांनी सही केली. पाच मिनिटांनी मालगोदामाचे दार उघडले आणि एक पांढरे खोके बाहेर आले.

मुलीने तिथेच, जमिनीवर बसून, एकेक घरटे उजेडाकडे धरून पाहिले. ओठांनी मोजत होती. दोन राण्या गेल्या होत्या. अडतीस चालत होत्या. तिने एक घरटे बाईंच्या कानाशी नेले. बाईंनी डोळे मिटले. गाणे सुरू होण्याआधी सूर लागतो ना, तसा तो आवाज होता. मीही पिशवीतून ऐकला.

गाडी भरेपर्यंत थोडा वेळ होता, म्हणून मुलगी वर आली. बाईंनी जुनीच फाइल काढली. काकांच्या नावाखाली, ते न खोडता, मुलीचे नाव लिहिले. साहेब दाराशी उभे होते. “हिचं पहिलं वर्ष धरायचं की बारावं?”

“बारावं,” बाई म्हणाल्या. पण त्यांनी मला उचलले नाही. पेन्सिल उचलली. “नाव तेच ना, जे आज टाइप केलं?”

“हो.”

“माल तोच?”

“तोच.”

“आणि घरी सगळे बरे?”

सकाळपासून ती मुलगी एकदाही रडली नव्हती. त्या तिसऱ्या प्रश्नाला मात्र तिचे डोळे वाहू लागले. बाई खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेल्या, आणि माझ्यावरची शाई वाळून गेली तरी कुणाला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते गोड ध्वनिमुद्रण बंद झाले. राहिलेल्या एकोणसाठ फाइली बाई आणि साहेब दोघांनी वाटून घेतल्या आणि एकेक फोन केला. साहेबांचे पहिले दोन-तीन फोन फारच अवघडलेले झाले. “घरी... म्हणजे... सगळे बरे ना?” पुढे जमले त्यांना.

आता माझे रबर तडकले आहे. ‘मानाचा’मधला शेवटचा काना उमटत नाही. नवा शिक्का आला आहे, मी खिडकीत कागदांवर वजन म्हणून बसतो. दुःख नाही. एकच मागणे आहे. मित्रांनो, कुणाला ‘आपला’ म्हणून मनात शिक्का मारून मोकळे होऊ नका. वर्षातून एकदा तरी त्याला विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि त्या मधवाल्या काकांची आठवण ठेवा. अकरा वर्षे आम्ही त्यांच्यासाठी जामीन राहिलो, आणि ते गेले तेव्हा आम्हाला कळलेसुद्धा नाही.